दुमडलेला कोपरा

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं, की मी पाणी आणायला उठते. ही सवय जुनी आहे. लहानपणी आत्या, मावश्या, शेजारणी घरी यायच्या, तिच्या गालाला हात लावायच्या आणि मी स्वयंपाकघरात पेले भरत बसायचे. पाहुण्यांना वाटायचं, थोरली किती कामसू! पोटात काय दुखतंय ते त्या पेल्यांनाच ठाऊक. आता ती बावन्न वर्षांची आहे, मी छप्पन्नची, आणि आज तिच्याबद्दल मलाच लिहायचंय, म्हणजे उठून जायचीही सोय नाही.

तिला सगळे खार म्हणतात. आईनं ठेवलेलं नाव. चालायला लागायच्या आधी ती चढायला लागली. खिडकीचे गज, कपाट, शेजाऱ्यांचं आंब्याचं झाड, काही म्हणून सोडलं नाही. मी खाली उभी राहून "पडशील, पडशील" म्हणायची आणि ती पडायची नाही. एकदा जिद्दीनं मी तिच्यामागे चढले, पहिल्याच फांदीवरून खाली आले आणि हात मोडून घेतला. दवाखान्यातून घरी येईपर्यंत आई एकच वाक्य बोलत होती, "तिचं बघून तू कशाला करायला गेलीस?" ते वाक्य मला जन्मभर पुरलंय.

मी जिथे नोकरी करते तिथे वाळवलेली झाडं ठेवतात. लोखंडी कपाटांच्या बारा रांगा, डांबरगोळ्यांचा वास, उत्तरेच्या खिडकीखाली लांबच लांब टेबलं. जंगलात फिरणारे लोक फांद्या तोडून जुन्या वर्तमानपत्रात दाबून पाठवतात. आम्ही त्या जाड पांढऱ्या कागदावर, म्हणजे शीटवर, चिकटवतो. एक पान सुलट, एक उलट, देठ दिसला पाहिजे, फूल झाकलं जाता कामा नये. गळून पडलेलं बी, फळ, पाकळी एका छोट्या कागदी पाकिटात घालायची आणि ते पाकीट त्याच शीटवर वरच्या बाजूला चिकटवायचं. नीट केलेली शीट दोनशे वर्षं टिकते. माझ्या शीटा टिकतील. उगाच विनयानं बोलायची मला सवय नाही, हातच्या काकणाला आरसा कशाला! माझ्या पलीकडच्या टेबलावर गोंदकाका बसतात. त्यांचा गोंद कागदाला, पानाला, बाहीला आणि चहाच्या कपाला सारखाच लागलेला असतो. एकदा त्यांनी शीटबरोबर स्वतःचा चष्माही चिकटवला होता. त्यांचं नाव निघालं की मी आजही हसते, निदान तीन वर्षांपूर्वीपर्यंत हसायचे.

खारीचं लग्न आठ महिने टिकलं. लोक म्हणतात तिला नवरा झेपला नाही; खरं म्हणजे नवऱ्याला ती झेपली नाही. बॅग घेऊन परत आली तीही हसत. आमच्या दोन खोल्यांच्या घरात आई, मी आणि पुन्हा ती. आई माझ्या मागे लागली, "तुझ्या ऑफिसात हिच्यासाठी बघ ना काहीतरी." बघितलं. आमच्या प्रमुख बाईंना झाडावर चढणारं माणूस हवंच होतं. उंच झाडांची फुलं शेंड्याला असतात, खाली उभं राहून मिळत नाहीत. अशी ही नागीण मी स्वतःच्या हातानं दूध पाजून आणली. आता नागीण म्हटलं ते रागानं म्हटलं, लिहिलंय तर राहू दे.

पहिल्या फेरीला बाईंनी आम्हा दोघींनाही नेलं. ते जंगल बारा महिने ओलं. त्यात काळ्या रसाची झाडं असतात, काजू, आंबा, बिब्बा यांच्या कुळातली. दिसायला अगदी साधीसुधी, सरळ खोड, मोठी जाड पानं. पण पान तोडलं की पांढरा चीक येतो आणि बघता बघता शाईसारखा काळा होतो. कातडीला लागला तर फोड. मी तर पानही तोडलं नव्हतं. नुसती खाली उभी होते, वरून दोन थेंब गालावर पडले. दुसऱ्या दिवशी माझे डोळे उघडेनात. पंधरा दिवस तोंड भोपळ्याएवढं. खार त्या झाडावर तासभर बसून कोपरापर्यंत काळी होऊन उतरली, हात धुतले आणि दोन केळी खाल्ली. तिला काही झालं नाही.

"तिला काही होत नाही" हे मग आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य झालं. आई मला चमच्यानं पेज भरवायची आणि कान सगळे तिच्या जंगलाच्या गोष्टींकडे. मी आंधळी, सुजलेली, त्या गोष्टी ऐकत पडलेली. तेव्हाच ठरलं, ती बाहेर, मी आत. फेरी संपली की बाकीचे लगेच घरी यायचे, ही मात्र दरवेळी तीन-चार दिवस जास्त राहायची तंबूत. "मजा आहे बाई," मी म्हणायची. ती म्हणायची, "आहेच मुळी!"

पण कामात आमचं जमायचं, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट चूक एकच, एका शीटवर दोन झाडं. पानं एका झाडाची, फळ शेजारच्या झाडाचं. चिकटवलं की ते खरं होऊन बसतं आणि शहाणीसुरती माणसं पन्नास वर्षं जंगलात नसलेलं झाड शोधत फिरतात. दाट जंगलात खाली पडलेलं फळ कुणाचं, हे सांगणं कठीण असतं. वहीत 'शंका' लिहिलं तर बाई अख्खी फेरी पुन्हा करायला लावायच्या. म्हणून पहिल्याच वर्षी खारीनं युक्ती काढली. खात्री नसली की ती पाकिटाचा उजवा कोपरा दुमडायची. म्हणजे, ताई, बघ. मी भिंगाखाली बघायची, जुळत नसेल तर फळ कचऱ्यात, कोपरा सरळ आणि शीट स्वच्छ. बावीस वर्षं हे चाललं. बाईंना माहीत नाही, गोंदकाकांना माहीत नाही, आईलाही नाही. जगात फक्त आम्हा दोघींना माहीत असलेली ती एकच गोष्ट होती.

पाच वर्षांपूर्वी मी शेवटच्या रांगेतलं अनोळखी झाडांचं कपाट आवरत होते. तिथे नाव न लागलेल्या शीटा पडून असतात. एका जुन्या शीटवर नुसती पानं होती, फूल नाही, फळ नाही. काळा रस कागदातून पाझरून खालच्या दोन शीटांवर पानाच्या आकाराचा डाग पडला होता. काळ्या रसाचं झाड, यात नवल नाही. पण देठावर दोन बारीक काटे होते, मुंगीच्या शिंगांएवढे. या नात्यातली आमच्याकडची सगळी झाडं मी चिकटवलीत, असे जोडकाटे एकाच्याही देठावर नव्हते. मी शीट घेऊन बाईंकडे गेले. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांनी देठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "डोळा आहे हो तुला! हे नवीन झाड आहे." त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यावरून चालत नव्हते, वरून जात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, इतकी वर्षं लोक जंगलं तुडवत होते आणि झाड माझ्या कपाटात!

पुढे काय झालं असेल ते ओळखायला शहाणपण लागत नाही. झाड जंगलातून आणायचं म्हणजे खारीला पाठवायचं. तिसऱ्या फेरीत तिनं ते शोधलं, ओढ्याच्या वरच्या कड्यावर, आणि फुलांची फांदी घेऊन आली. कुणीतरी तिचा फोटो काढला. दोरीवर लटकलेली, केस पानांत अडकलेले, हसतेय. तो नोटीस बोर्डावर लागला. आईनं त्याची फ्रेम करून दाराच्या समोर लावली. रोज कामावरून आले की चपला काढायच्या आधी मला ते दात दिसायचे. कपाटासमोर वाकलेल्या बाईचा फोटो कोण काढतो?

मग बाई म्हणाल्या, "नवीन झाडाला जंगलातून आणणाऱ्याचं नाव द्यायची आपल्याकडे रीत आहे. खारीचं नाव देऊ या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी आणायला उठले. नळाशी उभं राहून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मी खणून काढलं आणि ही आयत्या बिळावर नागोबा! झाडाला नाव मिळालं की ते झाड असेपर्यंत राहतं. माझ्या मागे माझं नाव घेणारं कोण आहे? मूल नाही, बाळ नाही, शीटांवर चिकटवणारीचं नाव लिहीत नाहीत.

एक गोष्ट मात्र बाकी होती. या झाडाची नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी. खारीनं आणलेली फुलं नराची. फळाशिवाय झाड जाहीर करता येणार नव्हतं. वर्षानं फळांच्या दिवसांत ती पुन्हा गेली आणि यावेळी सहा दिवस उशिरा आली. पुडकं माझ्या टेबलावर ठेवून न बोलता घरी जाऊन झोपली. मी उघडलं. जोडकाट्यांची फांदी, मादी झाडाची, त्यावर फळं गळून गेलेले देठ. प्रत्येक देठाच्या टोकाला इवलीशी वाटी. आणि पाकीट. त्यात एक फळ. पाकिटाचा उजवा कोपरा दुमडलेला.

मी फळ त्या वाटीत ठेवून पाहिलं. बसेना. फळाचं बूड सपाट, वाटी खोलगट, दुसऱ्याच डब्याचं झाकण लावल्यासारखं. अर्ध्या मिनिटात कळलं, हे त्या झाडाचं फळ नव्हे. शेजारच्या नेहमीच्या काळ्या रसाच्या झाडाचं खाली पडलेलं, तिनं उचललेलं. कचऱ्याची टोपली माझ्या पायाशीच होती.

मी काय केलं ते सरळ सांगते. फळ पाकिटात परत ठेवलं. कागदाच्या घड्या बसवायची पट्टी घेतली आणि तो कोपरा घासून घासून सरळ केला. मग पाकीट शीटवर चिकटवलं, अगदी काटकोनात, माझ्या आयुष्यातली सगळ्यात देखणी शीट. मनात स्वच्छ चित्र होतं. ही शीट दुसऱ्या संग्रहात तपासायला जाईल, तिथला कुणी जाणकार म्हणेल, एका शीटवर दोन झाडं! आणि त्या हसं झालेल्या झाडाला नाव असेल माझ्या बहिणीचं. दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालणं म्हणतात, ते मी त्या दिवशी शब्दशः केलं. बाईंनी विचारलं, "सगळं जुळतंय ना गं?" मी म्हणाले, "जुळतंय." त्यांनी भिंगसुद्धा हातात घेतलं नाही.

आठवड्यानं बाईंनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. चहा मागवला. खारीनं उन्हाळ्यातही लांब बाह्या घातल्या होत्या आणि कप दोन्ही तळव्यांत धरला होता, बोटांनी नव्हे.

"दाखव तिला," बाई म्हणाल्या.

खारीनं कप ठेवला आणि बाह्या वर केल्या. बोटांपासून कोपरापर्यंत कातडी सोललेली, मध्येमध्ये काळे चट्टे, दोन नखं नाहीतच.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"दर वेळी होतं," ती म्हणाली. "पहिल्या फेरीपासून. थोडं बरं होईपर्यंत तंबूत थांबायचे मी. यावेळी फारच झालं. दोरीच धरवेना. खालची फांदी तेवढी मिळाली, फळ वरून काढता आलं नाही."

"आणि घरी बोलली नाहीस?"

"तुझं तोंड बघितलं होतं ना मी तेव्हा! आई म्हणाली असती, तूही बस घरात. मग काय केलं असतं मी, गोंद लावला असता?" ती हसली. "गोंद तुलाच जमतो बाई."

बावीस वर्षं मी ज्या जास्तीच्या दिवसांवर जळले, ते हे दिवस होते.

बाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी तिला ही झाडं बंद केलीत. त्या कड्यावर चढणारं आपल्याकडे दुसरं कुणी नाही. म्हणजे आणलंय तेवढंच आपलं. आणि नावाचं म्हणशील तर ही ऐकतच नाही. म्हणते, झाड मी आणलं पण सापडलं ताईला. नाव ताईचं द्या. तर मी तुझं नाव लिहिलंय."

आता खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंद झाला. छाती भरून आली. मग लगेच राग आला, की द्यायच्या बाबतीतही हिनंच बाजी मारली. आणि मग ते सपाट बुडाचं फळ आठवलं. हातात चहा होता, तो तसाच बशीत ठेवला.

"ताई, बघू तरी तुझं झाड," म्हणत खार मला ओढत टेबलाशी घेऊन आली. शीट उघडून ती वाकली. फांदीवरून, देठावरून, जोडकाट्यांवरून तिची नजर फिरत पाकिटापाशी आली. थांबली. तिनं सोललेला अंगठा त्या कोपऱ्यावरून फिरवला. पट्टीनं घासलं तरी कागदावर दुमड राहते. तिरकी रेघ उजेडात स्पष्ट दिसत होती.

"हा मी दुमडला होता ना?" ती म्हणाली.

"हो."

"तुला दिसला नाही?"

"दिसला."

"मग फळ बघितलंस?"

"बघितलं. नाही बसत."

पलीकडे गोंदकाका कात्री शोधत होते, ती त्यांच्याच बाहीला चिकटलेली होती. कुणालाही हसू आलं नाही.

"माझं नाव लागणार होतं म्हणून?"

मी मान डोलावली. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते, लहानपणापासूनचं सगळं निघालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, दुखरे हात ठेवतात तसे.

"मी वर असायचे ना ताई," ती म्हणाली, "तेव्हा मला चुकायची भीती नाही वाटायची. खाली तू आहेस, हे माहीत असायचं."

मी शीट उचलली आणि बाईंच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, कोपरा दुमडायची रीतसुद्धा, जी सांगायला नको होती. बाईंनी शीट स्वतःकडे ओढून दुमडीच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग ओला कापूस आणायला सांगितला. त्यांच्यासमोर मी गोंद भिजवून पाकीट सोडवलं. चांगल्या शीटवरून पाकीट काढलं की तिथे पिवळट चौकोन राहतो. फळाशिवाय झाड जाहीर होत नाही. ती शीट शेवटच्या रांगेत, अनोळखी झाडांच्या कपाटात परत गेली. तिच्यावर खारीचं नाव नाही, माझंही नाही, पेन्सिलीनं काढलेलं एक प्रश्नचिन्ह आहे.

याला तीन वर्षं झाली. घरी आम्ही बोलतो. आईचं औषध, भाजी, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, सगळं बोलतो. तिचा फोटो दाराच्या समोर आहे. रात्रीच्या जेवणाला ती माझ्या ताटात जास्तीचा घास वाढते, पूर्वीसारखाच, आणि मी "पुरे" म्हणते, पूर्वीसारखंच. आईला काही कळलेलं नाही. ती आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आमच्या खारीला काही होत नाही.

खार अजून जंगलात जाते. उंच झाडं सुटली, आता झुडपं, वेली, नेचे आणते, हातमोजे घालून. तिची पुडकी दर महिन्याला येतात आणि कुठलं कुणाच्या टेबलावर ते ती स्वतःच ठरवते. माझ्या वाट्याच्या पुडक्यांत पाकिटं असतात, स्वच्छ, चारही कोपरे सरळ. जिथे तिची खात्री नसते तिथे ते फूल किंवा फळ ती पाठवतच नाही, असं मी धरून चालले होते. मी प्रत्येक पाकीट उजेडात धरून बघते.

गेल्या मंगळवारी गोंदकाका जेवायला गेले होते. त्यांच्या टेबलावर खारीचं उघडं पुडकं होतं, आणि त्यात एक पाकीट. उजवा कोपरा दुमडलेला. शेजारी काकांचं भिंग, कडेला गोंद लागलेलं.

मी पाणी आणायला उठले.